हातोडीबाईंचा कान

चीज करणाऱ्यांच्या संघात एक नियम होता. दानात आलेल्या चीजच्या गोल चाकाला सळई लावायची नाही. एरवी विकायच्या चाकाची वाजवून शंका आली तर त्यात पोकळ सळई घुसवतात, आतली कांडी बाहेर काढतात, हुंगतात, चाखतात आणि भोक पुन्हा बुजवून टाकतात. पण दानाच्या चाकाला भोक पाडणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर खोटं म्हणणं. म्हणून दानाची चाकं नुसती वाजवून घेत, आणि वाजवायचा मान एकट्या हातोडीबाईंचा.

बाईंना नाव होतं, पण ते टपालवाल्यालाच काय ते माहीत. साठी ओलांडलेली, उंच, कोरड्या हातांची ही विधवा बाई कमरेला पातळ मानेची हातोडी लटकवून हिंडायची. लहान पोराच्या वजनाचं एकेक चाक, वर्षभर फळीवर पिकलेलं. त्यावर बाई हातोडीने टकटक करत एक फेरी मारायच्या आणि सांगायच्या, ‘भरीव’ किंवा ‘पोकळ’. दुधात नको तो जंतू शिरला की चाक आतल्या आत फुगतं. वरून साल कशी गुळगुळीत, जिवणीला लावावी अशी. आत मात्र भगदाड. बाईंनी ‘भरीव’ म्हटलं की चाकावर संघाचा शिक्का बसायचा. मग देवानेच सांगितल्यासारखं. पुन्हा कोणी विचारत नसे.

हा कान त्यांना फुकट मिळाला नव्हता. अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासऱ्यांनी डोळ्यांवर फडकं बांधून त्यांना तळघरात उभं केलं. दोन चाकं वाजवायची, कुठलं पोकळ ते विचारायचं, आणि उत्तर चुकलं की तीच हातोडी बोटाच्या पेरावर. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी ती वाकडीच. त्याच वर्षी चीजच्या शाळेतून त्यांच्या नावाने पत्र आलं होतं, जागा मिळाल्याचं. सासऱ्यांनी पत्र वाचलं, चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. “शाळेत शिकवतात ते पुस्तकातलं. इथे शीक,” म्हणाले. टेबल डुगडुगायचं थांबलं. बाई त्यावरच वीस वर्षं भाकरी थापत राहिल्या.

म्हणूनच पुढे, सासरे गेले, नवरा गेला, संघात बाईंच्या शब्दाला वजन आलं, तेव्हा त्यांनी भर सभेत उभं राहून शिक्षणनिधीची गोष्ट काढली. दरेक कारखानदाराने वर्षाला एक चाक दान द्यायचं, आपल्या फळीवरचं सगळ्यात चांगलं. त्या चाकांच्या विक्रीतून दरवर्षी एकाला वर्षभर शाळेत पाठवायचं. संघ कुरकुरला, मऊ चीज करणारे कुरकुरले, कारण त्यांच्या चीजची चाकंच होत नाहीत. शेवटी सगळे आले वळणावर. वीस वर्षांत वीस जण शिकून आले. दरेकाला बसपर्यंत पोचवायला बाई जायच्या आणि रडायच्या. ते रडणं खरं होतं.

खोटं होतं ते दुसरंच, आणि तेही गेल्या पाच वर्षांतलं.

सुरुवात किटलीपासून झाली. किटली शिट्टी वाजवून वाजवून कोरडी पडली तरी बाई शेजारी बसून मसूर निवडत होत्या. मग दारावरची घंटा गेली, पाखरं गेली. आणि एक दिवस तळघरात त्यांनी एक चाक ठोकलं आणि त्यांना ते जवळच्या चाकासारखंच लागलं. तिसरं तसंच, चौथं तसंच. सगळी चाकं एकाच आवाजात बोलू लागली, जाड चादरीखालून बोलल्यासारखी. बाईंनी हातोडी बदलून पाहिली. कानात तेल घातलं. पूजेला बसल्या की देवापुढे एकच मागणं मागितलं. काही फरक पडला नाही. डॉक्टरकडे मात्र गेल्या नाहीत, कारण डॉक्टरची बायको लोणी घ्यायला संघातच येते.

माणसांचं बोलणं त्या तोंडाकडे बघून ओळखू लागल्या. त्यामुळे उलट कौतुकच झालं. संघाचे अध्यक्ष, ज्यांना त्यांच्या गोड बोलण्यामुळे सगळे लोणीकाका म्हणत, चारचौघांत सांगायचे, “समोरच्याशी बोलावं कसं ते बाईंकडून शिका. नजर हलत नाही. नाहीतर आमची ही! मी बोलतोय आणि हिचा डोळा भांड्यावर.”

चाकांना तोंड नसतं. तिथे सून कामी आली.

सून तेव्हा नवीनच घरात आलेली. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. बाई चाक ठोकणार आणि सून शेजारी उभी राहून फडक्याने त्याची साल पुसणार, असा दोघींचा रिवाज. एकदा बाईंनी एक चाक ‘भरीव’ म्हणून पुढे सरकवलं. सुनेने ते पुसलं, थांबली, आणि पुसलेलंच पुन्हा पुसलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. बाईंनी ते चाक वेगळं ठेवलं; संध्याकाळी गुपचूप कापलं तर आत मूठ जाईल एवढी पोकळी. त्या दिवसापासून ठरून गेलं. एकदा पुसलं तर भरीव, दोनदा पुसलं तर पोकळ. दोघींपैकी कोणीही हे कधी तोंडाने बोललं नाही. पाच वर्षं घरातली, संघातली, दानाची सगळी चाकं सुनेच्या कानाने वाजली आणि बाईंच्या तोंडून बोलली. या गोष्टीबद्दल बाईंनी सुनेचे आभार मानले असतील असं कोणाला वाटत असेल, तर त्याला बाई कळल्या नाहीत. त्यांना तिचा राग यायचा. ज्याच्याकडून उसनं घेतलंय तो रोज डोळ्यांसमोर वावरला की त्याचा येतो तसा.

“फडकं धड पिळता येत नाही,” त्या चारचौघांत म्हणायच्या. “हिच्या आईने हिला हात दिले ते नुसते शोभेला.” सून फडकं पुन्हा पिळायची.

यंदा दान द्यायच्या दोन दिवस आधी तळघरात सून म्हणाली, “आई, मी शाळेचा फॉर्म भरलाय.”

बाईंनी तिच्या ओठांवरून ते ओळखलं आणि क्षणभर आपण चुकीचं ओळखलं असं मनाशी ठरवून पाहिलं. “कसला फॉर्म?”

“शिक्षणनिधीचा. एका वर्षाचाच प्रश्न आहे. ह्यांना विचारलंय मी, ते हो म्हणाले.”

“तो कशालाही हो म्हणतो. दूधगाडीला बैल जुंपू का विचारलं तरी हो म्हणेल.” बाईंचा हात हातोडीवर होता. “आणि इथलं कोण करणार?”

सुनेने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. इथलं म्हणजे काय, ते दोघींना माहीत होतं. “तुम्ही डॉक्टरांना दाखवा, आई. आता यंत्र मिळतं कानात घालायचं. एवढंसं. दिसतसुद्धा नाही.”

पाच वर्षांत पहिल्यांदा ते शब्द त्या घरात उच्चारले गेले. बाईंना वाटलं कोणीतरी भरबाजारात पदर ओढला.

“माझ्या कानांना काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुझ्या जिभेला झालंय. चल, दानाचं चाक काढायचंय.”

दानाचं चाक त्यांच्या मनात ठरलेलंच होतं. वरच्या फळीवरचं, मधाच्या रंगाचं, एकही सुरकुती नसलेलं. वर्षभर त्यांनी ते स्वतः उलटवलं होतं. सुनेने धरलं, बाईंनी ठोकलं. सुनेने पुसलं. थांबली. पुन्हा पुसलं.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. इतकं देखणं चाक! आणि नेमकं आजच, फॉर्मची गोष्ट निघाली त्याच्या पाठोपाठ. सूड घेतेय, त्यांना वाटलं. माझं सगळ्यात चांगलं चाक मागे ठेवायला लावतेय, म्हणजे मी सभेत दुय्यम चाक घेऊन जाईन. ती मला दाखवून देतेय की दोरी कोणाच्या हातात आहे.

“कळलं,” बाई म्हणाल्या, आणि तेच चाक स्वच्छ कापडात गुंडाळून गाडीत ठेवायला लावलं. चाक उचलताना तिने फक्त एकदा ओठ उघडून मिटले.

दानाच्या दिवशी संघाचं सभागृह सकाळपासून भरलेलं. पत्र्याचं छप्पर, लांब लाकडी बाकं, भिंतीवर वीस विद्यार्थ्यांचे फोटो आणि मधोमध बाईंचा मोठा फोटो, हार नसलेला. लोणीकाकांनी हार घालायला घेतला होता, तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, “अहो, अजून आहे मी.” सकाळी रिवाजाप्रमाणे सगळी चाकं वाजवून झाली. बाई ठोकत होत्या, सून पुसत होती. दोन पोकळ निघाली. ती देणाऱ्याला न लाजवता, शाळेत कोणाला पाठवायचं त्या परीक्षेसाठी बाजूला ठेवली आणि त्यांच्यात चार भरीव मिसळली. कुठलं कितवं, ते बाईंनी मनात घोकून ठेवलं. बाईंचं स्वतःचं चाक तेवढं कापडातच राहिलं. ते कोणी वाजवत नसे. गंगेचं पाणी कोणी गाळून घेतं का, असं लोणीकाका दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी लोक हसायचे.

फॉर्म दोनच आले होते. एक सुनेचा, दुसरा लोणीकाकांच्या भाचीचा. भाची एकोणीस वर्षांची, बावरलेली, घामाने ओले हात स्कर्टला पुसणारी. मामाच्या वशिल्याने आली असं सगळे आधीच म्हणून मोकळे झाले होते. पण पोरीने सहाही चाकं ओळखली. सुनेनेही ओळखली. सहापैकी सहा, दोघींची.

बाई मनातल्या मनात सुटल्या. उभं राहून त्या म्हणाल्या, “बरोबरी झाली. तर मग भाचीला पाठवा. निधी मी सुरू केला. माझ्याच घरात दान घेतलं तर उद्या लोक काय म्हणतील? सुनेची जागा मी सोडते.”

टाळ्या पडल्या. सुनेची जागा सुनेला न विचारता सोडली गेली, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सुनेचा चेहरा तेवढा उतरला. बाकांच्या शेवटी तिचा नवरा चप्पल बघत बसला होता.

इतक्यात लोणीकाका उठले. बाईंना खूश करायची त्यांना फार हौस. “नाही, नाही! त्यागमूर्ती बाईंवर आम्ही अन्याय होऊ देणार नाही. माझी भाची असली म्हणून काय झालं? आणखी एक चाक ठोकू दे दोघींना. बाईंचंच घ्या! ते कोणीच वाजवलेलं नाही.”

बाईंना काही सुचायच्या आत कापड सोडलं गेलं. सभागृहात ‘वा वा’ झालं. चाक दिसायलाच तसं होतं.

भाची आधी गेली. तिने ठोकलं, जरा थांबली, दुसऱ्या बाजूने ठोकलं. मग मान वर करून आधी चाकाकडे, मग मामाकडे, मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी ती नजर ओळखली. पोर घाबरली होती. “भरीव,” ती म्हणाली.

सुनेने एकदाच ठोकलं.

“पोकळ.”

लोणीकाकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. बाईंना वाटलं, आपल्याला ऐकू येत नाही त्याहून जास्त शांतता आज सगळ्यांना ऐकू येतेय.

“पुन्हा वाजव,” त्या म्हणाल्या.

“पुन्हा वाजवून काय होणार, आई? पोकळ आहे ते.” सुनेने हातोडी खाली ठेवली. “सळई लावा. माझं चुकलं असेल तर मी पुन्हा कधी फॉर्म भरणार नाही.”

बाईंना परवा दोनदा फिरलेलं ते फडकं आठवलं. खरं होतं का ते? की परवाचं खोटं आज ती निभावून नेतेय? त्यांना कळेना. हातोडी हातात असूनही त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि ज्या एका माणसाला विचारता आलं असतं ते समोर उभं होतं. चाक त्यांचं होतं. “लावा सळई” एवढं त्यांनी म्हणायची खोटी, दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण पोकळ निघालं तर? मग गेल्या पाच वर्षांचे शिक्के कोणाच्या कानावर मारले, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच असता.

“दानाला सळई?” त्या म्हणाल्या. “हेच शिकवलं तुला मी? चाक भरीव आहे. मी ऐकलंय.”

भाचीची निवड झाली.

दुपारी विक्री. बाईंचं चाक दरवर्षीसारखं बस-स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याने घेतलं. चाक त्याच्या स्कूटरवर मावेना. त्याने तिथेच चीज कापायची तार मागवली आणि टेबलावर ठेवून सगळ्यांसमोर मधोमध चिरलं.

दोन अर्धी चाकं बाजूला पडली. आत भगदाड होतं, लहान मुलाचं डोकं बसेल एवढं. त्याची भिंत तेल लावल्यासारखी चकाकत होती. वास आला तसे पुढचे दोघे मागे सरले.

चीज करणाऱ्या माणसाला एवढं कळतंच की चकाकणारी भिंत वायूने होते. महिनोन्महिने आतून फुगत गेल्याची ती खूण. मार बसून फुटलेलं चाक आत खरबरीत असतं, तडकलेल्या भिंतीसारखं. त्या सभागृहात असा एकही माणूस नव्हता ज्याला हे माहीत नव्हतं.

बाईंना सगळ्यांचे चेहरे दिसत होते. सगळे आपल्याकडे बघतायत हे दिसत होतं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तरी मी म्हणत होते, एवढ्या जोराने हातोडी हाणायची नसते. फोडलं माझं चाक.”

आता कोणीतरी हसेल, त्यांना वाटलं. लोणीकाका पुढे आले, वाकून भगदाडात बघितलं. त्या चकाकत्या भिंतीवरून बोटही फिरवलं. मग सरळ उभं राहून रुमालाला बोट पुसत म्हणाले, “फोडलं. खरंय. मला तेव्हाच वाटलं होतं, जरा जोरात बसली.”

“हो हो, जोरातच बसली,” मागून कोणीतरी म्हणालं.

“रागाने मारली तिने.”

“कान नाही, नुसता हात आहे.”

एकेक करून सगळे बोलले. त्यांच्या तळघरांतली सगळी चाकं बाईंच्या शिक्क्याने विकली गेली होती. पुढच्याही वर्षी विकायची होती.

सून मधोमध उभी होती. ती रडली नाही. तिने बाईंकडे तोंड केलं आणि स्पष्ट म्हणाली, “आईंना ऐकू येत नाही. पाच वर्षं झाली. मी ऐकून सांगते.”

बाईंनी शब्दन् शब्द तिच्या ओठांवरून टिपला. “मला ऐकू येत नाही?” त्या ताडकन म्हणाल्या. “आणि ही ऐकून सांगते! बरं, आणखी काय काय करतेस माझ्यासाठी? जेवतेस पण माझ्याऐवजी?”

सभागृह खो खो हसलं. हसता हसता सैल झालं. ज्या बाईला ऐकू येत नाही तिने असं खटकन उत्तर दिलं असतं का? लोणीकाकांनी डोळे पुसले.

सुनेच्या ध्यानात आलं काय झालं ते. ती हळूच वळली. बाईंकडे पाठ केली, तोंड भिंतीवरच्या फोटोंकडे, आणि काहीतरी म्हणाली. तिचे खांदे हलले तेवढे बाईंना दिसले. समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी तोंडावर हात नेला. सुनेचा नवरा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. एवढंच. मग सून थांबली, वाट पाहत. उत्तराची वाट.

बाई गप्प उभ्या राहिल्या. दुसरं काय करणार?

“बघा,” लोणीकाका इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहावं. “बघा, एवढं बोलली, तरी बाईंनी उलट शब्द काढला नाही. ह्याला म्हणतात संयम. पोरी, माफी माग.”

सुनेने माफी मागितली. लोणीकाकांनी शब्द सांगितले, तिने ते मागोमाग म्हटले. संघाने ठराव केला: सुनेने पुन्हा फॉर्म भरायचा नाही, आणि दानाच्या चाकांना हातही लावायचा नाही.

ती पाठमोरी काय म्हणाली, ते बाईंना कधीच कळलं नाही. विचारायचं कोणाला? ज्याला विचारतील त्याला कळणार, की ऐकू आलं नव्हतं. त्या दोन बायकांना रस्त्यात भेटल्या की बाई त्यांच्या चेहऱ्यावर ते शोधायच्या. बायका हसून “कशा आहात?” म्हणायच्या. पूजेला बसल्या तरी मनात तेच. देवाने ते ऐकलं असणार, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढ्याने त्या देवासमोरही नीट बसत नव्हत्या.

सून घर सोडून गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं. ती सकाळी उठायची, सगळ्यांचं जेवण करायची, बाईंचं ताट वाढायची आणि गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यात जायची. तिथे चीज यंत्रातून चौकोनी पडतं आणि ते प्लास्टिकमध्ये भरायचं असतं. तळघराच्या पायऱ्या मात्र ती उतरली नाही.

आठवडा झाला, फळीवरची चाकं वाजवायची राहिली. बाईंनी ताटावर बसल्या बसल्या, जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हटलं, “उद्या जरा लवकर उठ. वरच्या दोन फळ्या बघायच्यात.”

सुनेने आमटी वाढली. आपलं तोंड बाईंना नीट दिसेल असं समोर धरून ती एकेक शब्द सावकाश म्हणाली, “नको, आई. माझी हातोडी जोरात बसते. तुमची चाकं फुटतील.”

मुलगा जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

“मग तुझ्या कारखान्यात काय करतेस? तिथे नाही फुटत?”

“तिथे कान लागत नाही. भात घ्या.”

बाईंनी आठ दिवस एकट्याने हातोडी चालवली. ठोकायच्या, कान लावायच्या, गाल चाकाला टेकवायच्या. हाताला काही कंप लागतो का ते बघायच्या. सगळी चाकं सारखी. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या एका चाकात सळई घातली. ते भरीव निघालं. दुसऱ्यात घातली, तेही भरीव. पाच चाकं भोकं पाडून खराब केली तेव्हा एक पोकळ सापडलं. असंच चाललं तर फळ्या रिकाम्या होतील आणि गिऱ्हाईक भोकं मोजायला लागेल, हे त्यांना दिसत होतं.

आणि मग संघाचं पत्र आलं. लोणीकाका स्वतः घेऊन आले, हातात पेढ्यांचा पुडा. “तुमच्या मनाला झालेला त्रास आम्ही विसरलेलो नाही,” ते म्हणाले. “सभेने ठरवलंय की निवड झालेल्याने शाळेत जायच्या आधी दोन महिने तुमच्या हाताखाली शिकायचं. शाळेत कान कोण शिकवणार? कान फक्त इथे. यंदापासून कायम. शाळेच्या पाटीवर तुमचं नाव असेल.”

नाही कसं म्हणणार? बाईंनी पत्र हातात घेतलं आणि नजर वर न करता दोनदा वाचलं. लोणीकाकांनी घरोघर जाऊन सांगितलं, बाई गहिवरल्या.

भाची सोमवारी सकाळी आली. नवीन पांढरा कोट, नवीन वही, वहीला दोरीने बांधलेलं पेन. सून कारखान्यात जायला निघालेली दारातच भेटली. दोघी क्षणभर समोरासमोर थांबल्या. सुनेने तिच्यासाठी दार धरलं आणि निघून गेली.

तळघरात पोर आधी नुसती बघतच राहिली. मग बाईंनी सांगितलं तशी तिने हातोडी घेतली, पहिलं चाक ठोकलं, दुसरं ठोकलं. दुसऱ्यावर तिचा हात थांबला. तिने पुन्हा ठोकलं, आणि तिचा चेहरा खुलला. काहीतरी सापडलं की माणसाचा खुलतो तसा.

“बाई, हे दुसरं वेगळं लागतं!” ती म्हणाली. “पोकळ आहे का हे? आणि बाई, खरं सांगू? तुमच्या त्या चाकालाही मला तसंच लागलं होतं, परीक्षेच्या दिवशी. पण तुम्ही होतात ना समोर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांचं, भाबडं, खरं तोंड. हिला कान होता. सुनेला होता तसाच, आणि कधीकाळी बाईंना होता तसाच. त्यांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘बरोबर आहे तुझं.’ एवढं म्हटलं असतं तर पोर शाळेत गेली असती आणि तिथे पहिल्याच दिवशी, भाबडेपणाने, बाईंचं दानाचं चाक पोकळच होतं हे सांगून मोकळी झाली असती.

“तेव्हाही चुकलंच होतं,” बाई म्हणाल्या. “आणि आताही चुकतंय. दोन्ही सारखी आहेत. परत ऐक.”

पोरीने ठोकलं. तिच्या कपाळावर आठी पडली. “नाही बाई, हे जरा—”

“सारखी आहेत. घाई करतेस. डोळे मीट आणि ऐक.”

पोरीने डोळे मिटले. पहिलं ठोकलं, दुसरं ठोकलं, पहिलं, दुसरं. बाई वाट बघत उभ्या राहिल्या, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. सहाव्या की सातव्या वेळी पोरीचा हात मंदावला. तिने डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं, लाजेचं.

“हो,” ती म्हणाली. “सारखीच आहेत. मला आधी कसं वेगळं वाटलं कोण जाणे.”

“होतं असं सुरुवातीला,” बाई म्हणाल्या. “लिहून घे.”

पोरीने वही उघडली आणि खाली मान घालून लिहून घेतलं.